सतरा बोटं

जानेवारीत भेंडी तोडायची म्हणजे हाताचे हाल. दवात भिजलेली बारीक लव मनगटाला घासली की दुपारपर्यंत खाज जात नाही. लक्ष्मी त्यासाठी जुने पायमोजे हातात चढवायची, बोटांच्या टोकांशी कापून. मोज्यांवर शर्टाच्या बाह्या ओढायची आणि उजाडता उजाडता सरीत वाकायची. एका आड एक दिवस तोडणी. एखादा दिवस चुकला तर भेंडी जून होते, मग तिला बाजारात कुणी हात लावत नाही.

शेत अर्ध्या एकराचं, खडवलीच्या पुढं, भातसा नदीच्या काठाला. पावसाळ्यात त्यात भात व्हायचा. भात काढून झाला की काळुराम भोईर तिथं भेंडी लावायचा आणि नदीवर पंप टाकून पाणी द्यायचा. चार वर्षांपूर्वीपर्यंत हे शेत त्याच्या बापानं सांभाळलं. काळुराम तेव्हा मानपाड्याला एका कारखान्यात प्रेसवर होता. पत्र्याचे तुकडे साच्यात ठेवायचे, पायानं पॅडल दाबायचं, हात बाहेर काढायचा. हात वाचवायची पुढची जाळी काढून ठेवलेली, कारण जाळी असली की काम हळू होतं. एका दुपारी पॅडल अडकलं आणि मग एकाएकी सुटलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली.

आता तो उजव्या कोपराच्या बेचक्यात पिशवी अडकवायचा आणि डाव्या हातानं भेंडी मोडायचा. लक्ष्मीच्या दोन सऱ्या व्हायच्या तेव्हा त्याची एक. लक्ष्मी आपली सरी संपवून त्याच्या सरीत समोरून शिरायची आणि मध्ये गाठायची. त्याबद्दल दोघंही कधी काही बोलले नव्हते. गावात जाताना तो उजव्या हातावर टॉवेल टाकायचा, घाम पुसायला घेतल्यासारखा.

त्यांची मुलगी ऋतिका आठ वर्षांची, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. शाळेला दोन खोल्या. एका खोलीत पहिली-दुसरी, ती मुख्याध्यापिका मंदाकिनी बाईंकडे. दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, मिळून एकोणीस मुलं, ती दळवी सरांकडे. साईनाथ दळवी सर जूनमध्ये नवीन आलेले. वय तिशीच्या आत, राहायला कल्याणला, रोज स्कूटरवर येणारे. शाळेची खिचडी लक्ष्मी शिजवायची. तोडणी उरकून, हातपाय धुऊन ती दहाला शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर असायची.

दुसरीपर्यंत ऋतिका वर्गात तोंड उघडत नसे. नाव विचारलं तरी मान खाली. दळवी सर आले आणि दिवाळीपर्यंत पोरगी घरी येऊन बडबडायला लागली.

"बाबा, सरांना आज आठ साते किती तेच येत नव्हतं! चोपन्न बोलले!"

"मग?"

"मग आमी सगळे ओरडलो, चूक! छप्पन्न! तर सर कान पकडून दरवाजाबाहेर उभे राहिले. बंटीनं त्यांना आत घेतलं."

काळुरामला हे समजायचं नाही. मास्तरला पाढे येत नाहीत तर सरकार त्याला पगार कशाचा देतं, असं तो लक्ष्मीला विचारायचा. लक्ष्मी सांगायची, "मुद्दाम चुकतात हो ते. चूक पकडायची म्हणून पोरं घरी पाढे पाठ करून येतात." शेडमध्ये डाळ-तांदूळ धुताना तिला भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. एकोणीस पोरांचं हसणं एकदम फुटायचं. कशाला हसतात ते कळायचं नाही, पण तिच्याही तोंडावर हसू यायचं.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात सर बेरीज घेत होते. हातावर मोजून झालं, खडे मांडून झालं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी आई आणि बाबा. दोघांच्या हातांची बोटं मिळून किती?"

"वीस!" वर्ग ओरडला.

ऋतिका एकटी म्हणाली, "सतरा."

सरांनी डोळे मोठे केले. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, कपाटामागं बघितलं, बंटीचं दप्तर उचलून झटकलं. "सतरा? अगं, मग तीन बोटं गेली कुठं? उंदरानं नेली की काय?"

वर्ग हसून लोळायला लागला. ऋतिकाही हसली. सर दप्तर झटकत होते तेव्हा तर ती सगळ्यांत जोरात हसली. आणि हसत हसतच म्हणाली, "नाय सर. मशीननं नेली."

सरांच्या हातातलं दप्तर तसंच राहिलं. पण पोरांचं हसणं भरात होतं, ते लगेच थांबेना. मागून कुणीतरी "मशीननं नेली!" असं सरांच्या आवाजात म्हटलं आणि ते पुन्हा उसळलं. अर्ध्या पोरांना काळुरामकाकाचा हात माहीत होता. ती पोरंही हसत होती. ऋतिकाचं हसणं मात्र विझत गेलं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग खाली बसली.

पलीकडे शेडमध्ये लक्ष्मी खिचडीत मीठ टाकत होती. हसण्याचा आवाज आला तशी तीही रोजच्यासारखी हसली.

सरांनी पोरांना गप्प केलं. "पुस्तक काढा," म्हणाले. ऋतिकाजवळ जाऊन काहीतरी बोलायला वाकले, पण ती पाटीकडे बघत होती. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते फळ्याकडे परतले. जेवणाच्या सुट्टीत ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले. "ऋतिकाचे बाबा... मला माहीत नव्हतं, ताई," म्हणाले. लक्ष्मीनं त्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या ताटात खिचडी वाढली. 

घरी तिनं काही सांगितलं नाही. ऋतिकानंही नाही.

दोन दिवसांनी काळुराम दुकानात तेल आणायला गेला. दुकानाच्या पायरीवर पहिलीतलं एक पोर बिस्कीट खात बसलेलं. त्यानं वर बघितलं, टॉवेलाकडे बघितलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "काका, तुमची बोटं उंदरानं नेली ना?"

"कोण बोललं?"

"सगळे बोलतात. सर बोलले."

दुकानदारानं मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलले. काळुराम तेल न घेताच घरी आला. लक्ष्मी भाकऱ्या थापत होती.

"शाळेत काय झालं?"

तिनं सांगितलं. जसं सरांनी सांगितलं तसं, दप्तर झटकण्यासकट.

"तू तिथंच होतीस?"

"मी शेडमध्ये होते. आवाज आला."

"मग?"

लक्ष्मीचा हात पिठावर थांबला. "रोज येतो तसाच आला. मीपण हसले."

काळुराम ओट्यावर बसला. तिथूनच म्हणाला, "उद्यापासून ती शाळेत जाणार नाय. तोडणी हाय."

"तोडणी दोघांत होते."

"आजपर्यंत झाली. आता नाय होत."

दुसऱ्या दिवशी ऋतिका शेतात आली. लक्ष्मीनं तिच्या हातात मोजे चढवले. ते कोपरापर्यंत गेले.  भेंडी देठापासून मोडायची, ओढायची नाही, हे तिला एकदाच सांगावं लागलं. नऊ वाजता तिनं मोजे काढले तेव्हा मनगटं लाल झालेली. लक्ष्मीनं त्यांना खोबरेल लावलं आणि ती शाळेत खिचडी शिजवायला निघाली. आपण जातोय आणि पोरगी इथं बसलीय, हे बघत ती बांधापर्यंत गेली. मग मागं न बघता चालत राहिली.

असे चार दिवस गेले. तोडणी नसेल त्या दिवशी निंदणी. पाचव्या दिवशी सकाळी सातला बांधावर स्कूटर थांबली. दळवी सर बूट काढून, पँट दुमडून सरीतून चालत आले.

काळुराम वाकलेला होता, तसाच वाकलेला राहिला.

"काळुरामभाऊ, मी दळवी. शाळेतला."

"बोला."

"माझी चूक झाली. मला तुमच्या हाताचं ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना बोललो, तीच चूक. मुलीला शाळेत पाठवा."

काळुरामनं भेंडी मोडली, पिशवीत टाकली. "ही सरी राहिलीय," म्हणाला. "बोलत बसलो तर जून होईल."

 सरांनी बाह्या सावरल्या आणि ते समोरच्या बाजूनं सरीत वाकले. हातात मोजे नव्हते. अंगठा आणि एक बोट यांच्या चिमटीत धरून ते एकेक भेंडी अशी मोडत होते की जणू ती चावेल. पाच-सहा झाडांनंतर त्यांनी मनगट शर्टाला घासलं, मग मान घासली. तिथंही खाज सुटली. ऋतिका शेजारच्या सरीतून बघत होती. तिच्या दोन सऱ्या झाल्या तरी सर अर्ध्यातच होते. कुणीही हसलं नाही.

सरी संपल्यावर काळुराम उभा राहिला. पहिल्यांदाच त्यानं सरांकडे बघितलं.

"वर्गासमोर पोरांना हसवलंत. आणि माफी मागायला शेतात आलात, जिथं कुणी नाय."

सरांचं तोंड उतरलं. "वर्गात मागतो," ते म्हणाले.

"मागा."

त्यांनी मागितली. लक्ष्मीनं शेडच्या दारात उभं राहून ऐकलं. सर म्हणाले, मी एका माणसाच्या दुखण्यावर हसलो आणि तुम्हाला हसवलं, ते वाईट होतं. पोरं हाताची घडी घालून बसलेली. कुणालातरी शिक्षा होणार असं त्यांना वाटत होतं.

त्या दिवसापासून सर चुकायचे बंद झाले. आठ साते छप्पन्न असं फळ्यावर लिहायचे आणि पोरांकडून दहा वेळा म्हणून घ्यायचे. भिंतीपलीकडून आता एकसुरी पाढे यायचे, आणि त्यानंतर काहीच नाही. चौथीतला बंटी हातच्याच्या वजाबाकीत नेहमी अडकायचा. पूर्वी तो उठून "सर, माझी चूक पकडा!" असं ओरडायचा आणि फळ्यावर उत्तर लिहायचा. आता तो वहीवर हात आडवा धरून बसायला लागला.

"शाळा मुकी झालीय," लक्ष्मी रात्री जेवताना म्हणाली.

"शाळाच हाय. तमाशा नाय," काळुराम म्हणाला.

ऋतिकानं ताटातला भात एका बाजूला सारला आणि ती हात धुवायला उठली.

माफी होऊनही काळुरामनं तिला शाळेत पाठवलं नव्हतं. शेतात आणल्याला अकरावा दिवस होता. तोडणी झाली होती, टेम्पो यायला वेळ होता. भेंडीचे क्रेट बांधाशी रचलेले. काळुराम खाली बसून पंपाचा पाईप बांधत होता. पाईप उजव्या अंगठ्याखाली दाबून डाव्या हातानं तार फिरवायची आणि दातांनी ओढायची. ऋतिका क्रेट मोजत होती.

"बाबा, इकडं नऊ, तिकडं चार. बारा झाले."

"तेरा," काळुराम दातांत तार धरूनच म्हणाला.

"पकडलंस!" ती टाळी वाजवून म्हणाली.

काळुरामनं तार सोडली. "मुद्दाम चुकलीस?"

"हां. तू ऐकतोस का ते बघायला." ती क्रेटवर बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं. "आता तू चूक. मी पकडते."

त्याला जमेना. मुद्दाम चुकायला आधी बरोबर काय ते डोक्यात आणावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "सात साते... सत्तेचाळीस."

"एकोणपन्नास! सोपी होती."

 मग खाली बघूनच त्यानं विचारलं, "त्या दिवशी पोरं मला हसली, म्हणून तुला वाईट वाटलं ना?"

ऋतिकानं मान हलवली. नाही म्हणून.

"मग?"

"माझं उत्तर बरोबर होतं, बाबा." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आईची दहा आणि तुझी सात. मी नीट मोजलेली. सगळ्यांचं वीस चूक होतं, त्यांनी न बघताच सांगितलेलं. पण सरांनी सतरा फळ्यावर लिहिलंच नाय. नंतर सॉरी बोलले, ते आई बोलली. पण बरोबर आहे असं कुणी बोललंच नाय."

नदीच्या बाजूनं वारा येत होता. काळुरामनं तार उचलली, परत खाली ठेवली. इतके दिवस तो समजत होता की पोरीला आपली लाज वाटली. दवाखान्यातून घरी आल्यापासून त्याला तीच एक भीती होती. आणि हिनं तर त्याचा हात नुसता मोजला होता.

पुढच्या तोडणीच्या दिवशी त्यानं पिशवी घेतली नाही. ऋतिकाला गणवेश घालायला सांगितला. लक्ष्मी म्हणाली, "आज तोडणी हाय."

"तू शाळेत जाईपर्यंत होईल तेवढी तोड. राहिलेली मी येऊन बघतो."

दहा वाजता तो ऋतिकाला घेऊन तिसरी-चौथीच्या दारात उभा राहिला. टॉवेल घरीच होता. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. पोरं दारातून येणाऱ्या सावलीकडे बघायला लागली, तेव्हा ते वळले.

"या," सर म्हणाले. 

"हिचं एक उत्तर तपासायचं राहिलंय," काळुराम म्हणाला.

सरांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ते बाजूला झाले. काळुराम फळ्यापाशी आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले, पंजे पोरांच्या बाजूला.  चार वर्षांत त्यानं उजवा हात असा कुणासमोर धरला नव्हता.

"मोजा."

कुणी हललं नाही. सरांनी स्वतः मोजायला सुरुवात केली. "एक. दोन..." पाचाला पोरं त्यात मिसळली. डावा हात संपला. "सहा," अंगठा. मग ती मोकळी जागा. तिथं सगळ्यांचे आवाज खाली गेले. "सात," करंगळी.

"आईची दहा," काळुराम म्हणाला.

सरांनी फळ्यावर लिहिलं, दहा अधिक सात. खाली सतरा. शेजारी मोठी बरोबरची खूण केली आणि ते वर्गाकडे न बघता ऋतिकाकडे बघून म्हणाले, "तुझं उत्तर बरोबर होतं. माझं आणि बाकी सगळ्यांचं चूक होतं."

ऋतिका अजून दारातच उभी होती. ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिनं दप्तरातून वही काढली.

बंटीनं हात वर केला. "काका, दुखलं का?"

"त्या वेळी नाय. दवाखान्यात नेलं, मग दुखलं. थंडीत अजून दुखतं."

"मशीन कसं होतं?"

काळुरामनं सांगितलं. काढून ठेवलेल्या जाळीबद्दल सांगितलं, पॅडलबद्दल सांगितलं. पोरं टेबलावर कोपरं टेकून ऐकत होती. लपवाछपवी नसलेली गोष्ट पोरं ऐकतात तशी, तोंड उघडं ठेवून. सांगून झाल्यावर खोलीत शांतता झाली. सरांनी खडू हातात घेतला, खाली ठेवला. पूर्वी अशा वेळी त्यांनी काहीतरी करून पोरांना मोकळं केलं असतं. आता त्यांना धीर होत नव्हता, हे काळुरामला दिसलं.

"या खोलीत एकूण बोटं किती?" काळुरामनंच विचारलं.

पोरं वहीवर वाकली. एकोणीस पोरं, सर आणि काका. चौथीतल्या दिशानं आधी दोनशे दहा सांगितलं. ऋतिका म्हणाली, "नाय, दोनशे सात."

"दोनशे सात," काळुराम म्हणाला. मग सरांकडे बघून त्यानं मान हलवली. "पण सरांची दहा कशाला धरता? मी बघितलंय त्यांना भेंडी तोडताना. दोनच बोटं चालतात. बाकीची आठ नुसती खाजवायला."

एक क्षण कुणाला विश्वास बसला नाही. मग ऋतिका फस्सकन हसली. तिच्यामागं दिशा, मग सगळी खोली. सर हसले आणि त्यांनी दोन बोटांनी हवेतली भेंडी मोडून दाखवली, मान खाजवली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. त्या गलक्यात बंटी वहीवर वाकून काहीतरी करत होता. दोनशे सातातून आठ जायचे, सातातून आठ जात नाहीत, शेजारी शून्य, त्याच्या शेजारून हातचा आणायचा. तो एकदम उभा राहिला आणि ओरडला, "एकशे नव्याण्णव!"

सर हसता हसता थांबले. "हातचा कुठून घेतलास?"

"शतकाकडून! दशकाकडं काही नव्हतंच!"

काळुराम निघाला तेव्हा सर त्याच्यामागं व्हरांड्यात आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. काळुराम म्हणाला, "तोडणी राहिलीय, सर," आणि पायऱ्या उतरला.

तो शेतात पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. पाच सऱ्या राहिल्या होत्या. दुपारी लक्ष्मी खिचडीचे टोप घासून आली तेव्हा तिसरी सरी चालू होती. तिनं मोजे चढवले. पण लगेच वाकली नाही.

"मी शेडमधून बाहेर आले नाय," ती म्हणाली. "आवाज ऐकला. परत तुमालाच हसतात असं वाटलं. पाय उचलले नाय माझे."

"हसली ना पोरं."

"मग?"

काळुरामनं एक भेंडी मोडून बघितली. जून झाली होती. तिच्यातून दोरे निघाले. त्यानं ती बांधावर टाकली, गुरांसाठी.

"मीच हसवलं," तो म्हणाला.

 लक्ष्मी सरीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि समोरून तोडत यायला लागली.